यादीतलं ‘टेंभुर्णी-जुनं’

संपादकांचा फोन आला. म्हणाले, “बाई, तुमच्या कॉम्प्युटरच्या नोकरीवर लिहा. पण वाचणाऱ्याला कळेल असं लिहा हं.” मी म्हटलं, मला स्वतःला कळायला अर्धी नोकरी गेली, तुमच्या वाचकाला चार पानांत कुठून कळणार? तरी बसलेय लिहायला. नोकरीला कधी लागले, बढती कशी मिळाली, निरोपाच्या दिवशी नारळ कुणाच्या हस्ते घेतला, यातलं काही लिहिणार नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. मी एका यादीबद्दल लिहिणार आहे आणि त्या यादीतून मी खोडलेल्या एका नावाबद्दल.

मी वंदना सरवदे. सोलापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात नोकरी केली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, पाटी त्यांची कशाला मिरवायची? लागले तेव्हा टेलिफोनच्या बोर्डावर होते. बाहेरून फोन आला की लाल दिवा लागायचा, मी विचारायचं “कोण पाहिजे?” आणि जोडून द्यायचं. मग बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, “सरवदे, कॉम्प्युटरवर बसणार की घरी बसणार?” मी म्हटलं, “बसते की कॉम्प्युटरवर. घरी बसायला काय, म्हातारपण आहेच.” असं मी लाइनीचं काम सोडलं आणि पुन्हा लाइनीच्याच कामाला लागले.

आता जरा धंद्याची ओळख. आमच्या ट्रस्टची जिल्ह्यात चौदा छोटी केंद्रं. रक्त तपासायचं, ईसीजी काढायचा, शुगर बघायची आणि सगळी माहिती सोलापूरच्या डॉक्टरांना दिसली पाहिजे. ही माहिती राहायची क्लाउडवर. क्लाउड म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात. आभाळात काही नसतं, दुसऱ्याच्या इमारतीत भाड्यानं घेतलेले कॉम्प्युटर असतात. केंद्रापासून तिथपर्यंत रस्ता इंटरनेटचा, म्हणजे सगळ्या जगाच्या रहदारीचा. पेशंटचे कागद अशा रस्त्यानं उघडे नेता येत नाहीत, बंद पाकिटात न्यावे लागतात. ते बंद पाकीट म्हणजे व्हीपीएन. प्रत्येक केंद्राचं एक कनेक्शन आणि प्रत्येक कनेक्शनच्या आत दोन टनेल, म्हणजे बोगदे. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून.

ही सगळी कनेक्शनं बघायची एक पद्धत म्हणजे चित्रांचं पान उघडायचं आणि माउसनं इथं टिचकी, तिथं टिचकी मारत बसायचं. मला त्याचा भारी कंटाळा. मी पडद्यावर नुसत्या अक्षरांची काळी खिडकी उघडायची. तिच्यात एक ओळ टाइप करायची, एन्टर मारला की सगळी कनेक्शनं एकाखाली एक हजर. रोज सकाळी दहाला, चहाच्या आधी, मी ही हजेरी घ्यायची. माझ्या हाताखालची पोरंपोरी हसायची, “बाईंची शाळा भरली.” भरू दे की.

ही यादी मोठी चोख असते, पण विचारलं तेवढंच सांगते. सुरुवातीला एकदा मी ओळ टाइप केली आणि यादी कोरी आली. एकही कनेक्शन नाही. चौदा केंद्रं नाहीशी!  दोन वेळा टाइप केलं, तेच. नंतर कळलं, क्लाउडचे वेगवेगळे विभाग असतात, मुंबईचा वेगळा, हैदराबादचा वेगळा. मी चुकून हैदराबादला विचारत होते आणि आमचं सगळं बिऱ्हाड मुंबईला. हैदराबादनं खरं तेच सांगितलं, की तुमचं इथं काही नाही.

मंगळवेढ्याचं केंद्र रोज दुपारी एक ते तीन डाउन दिसायचं. पंधरा दिवस मी इंटरनेटवाल्यांशी भांडले. शेवटी एसटीनं स्वतः गेले. बरोबर एक वाजता तिथल्या झाडलोट करणाऱ्या मावशींनी राउटरचं बटण खाली केलं. मी म्हटलं, “मावशी, काय करताय?” तर म्हणाल्या, “सकाळधरनं चालू हाय की वं ते. हात लावून बगा, किती तापलंय. जरा इसावा नको का त्याला?”  त्या राउटरची एवढी काळजी मीसुद्धा कधी केली नव्हती. बटणावर चिकटपट्टी लावून परत आले.

असे प्रसंग सांगायला गोड असतात. पुढचा तसा नाही.

यादीतले दोन शब्द आधी समजून घ्या. कनेक्शनपुढे ‘अव्हेलेबल’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दार बसवलेलं आहे, एवढाच. त्या दारातून कुणी येतंय-जातंय का, ते टनेलपुढे लिहिलेलं असतं, ‘अप’ किंवा ‘डाउन’. आणि इथं एक मेख आहे. बराच वेळ काही काम नसलं तर टनेल आपोआप डाउन होतं आणि काम आलं की आपोआप उठतं. म्हणजे डाउन दिसलं की ते मेलं असं नव्हे, कदाचित नुसतं गप्प असेल. हे मी नव्या लोकांना शिकवायची. फळ्यावर लिहून शिकवायची. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

पूर्ण यादी फार लांब येते. एकेका कनेक्शनचा पानभर मजकूर: पत्ते, चाव्या, तारखा. मी त्या ओळीला आणखी दोन शब्द जोडून यादी छाटून घेतली होती. केंद्राचं नाव, अव्हेलेबल की नाही, आणि दोन टनेल. बस. चौदा केंद्रं चौदा ओळींत. मला या आखूड यादीचा केवढा अभिमान! साहेबांना दाखवली, पाहुण्यांना दाखवली. टनेलची अवस्था शेवटची कधी बदलली त्याची तारीख पूर्ण यादीत असते, ती मी काढून टाकली होती. रोज बदलते, डोळ्यांना उगाच त्रास, म्हणून.

आता टेंभुर्णीचं. तिथलं आमचं केंद्र हमरस्त्याच्या कडेला होतं. जागामालकानं जागा मागितली आणि केंद्र बंद झालं. तिथला राउटर उचलून मंद्रूपला न्यायचं ठरलं. मंद्रूपला ट्रस्टनं नवी कल्पना काढली होती. आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या गावांतली माणसं येतात, तर त्याच दिवशी केंद्र उघडायचं. मिरच्या घ्याव्यात, जोंधळा विकावा आणि जाता जाता छातीही तपासून घ्यावी. बाकी सहा दिवस कुलूप.

राउटर नेला इरण्णानं. हा आमचा कंत्राटी तंत्रज्ञ, तिशीतला. घरात कानडी, माझ्याशी मराठी, आणि पेशंटशी दोन्ही. राउटर मांडीवर घेऊन एसटीनं गेला आणि त्याच दुपारी आम्ही दोघांनी फोनवर बोलत लाइन उभी केली. जुनंच कनेक्शन, थोडे बदल करून मंद्रूपला वापरलं. यादीत त्याचं नाव होतं ‘टेंभुर्णी’. मी पुढे ‘जुनं’ जोडलं आणि म्हटलं, मंद्रूप असं नाव उद्या घालू. त्या उद्याला अडीच वर्षं झाली.

मग एक तपासणी आली. बाहेरचे गृहस्थ होते, चांगले हुशार. म्हणाले, “वापरात नसलेली दारं उघडी ठेवू नका. चोर तिथूनच येतो.” रास्त बोलले. मी यादी घेऊन बसले. तेरा केंद्रं कमीजास्त अप. एक ओळ मात्र ‘टेंभुर्णी-जुनं, अव्हेलेबल, डाउन, डाउन’. मी घाई केली नाही, हे सांगते. चार दिवस रोज सकाळी बघितलं. डाउन, डाउन. वहीतून टेंभुर्णीचा नंबर काढून फिरवला. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’ आणखी काय पुरावा पाहिजे? टेंभुर्णीचं केंद्र तर बंद झालेलं, ते मला पक्कं ठाऊक. मंद्रूप माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि त्या चार दिवसांत बाजाराचा दिवस नव्हता. एरवीही बाजाराच्या दिवशी मंद्रूप उघडायचं अकराला आणि माझी हजेरी दहाची, म्हणून ती ओळ मला कधी अप दिसलीच नव्हती.

चित्रांच्या पानावर काही पुसायला गेलं की ‘नक्की का?’ म्हणून विचारतात. काळी खिडकी विचारत नाही. मी ओळ टाइप केली, एन्टर मारला आणि चहाला गेले. माझी यादी तेरा ओळींची झाली, सगळी कशी अप. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता.

साडेअकराच्या सुमाराला इरण्णाचा फोन. “ताई, लाइन न्हाय. एक बाई आल्यात, गोदाक्का. बाजारात बांगड्या भरत्यात. छातीत लई दुकतंय म्हनत्यात, घामानं पार भिजल्यात. ईसीजी काडलाय, पर सोलापूरला जाईना झालाय.”

ईसीजी गेला की सोलापूरचे हृदयाचे डॉक्टर मिनिटभरात बघायचे आणि फोनवर सांगायचे, काय द्यायचं, कुठं न्यायचं. ते कळल्याशिवाय केंद्रावरची नर्स काही देऊ शकत नव्हती. त्यासाठीच तर ती लाइन होती. मी म्हटलं, “थांब, बघते.” यादी मागवली. यादीत मंद्रूप नावाचं काहीच नाही. वर बघितलं, खाली बघितलं. मग एकदम लख्ख कळलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं आई! इरण्णा, ते मीच काढलंय रे. कालच काढलं.”

 मागून बाईंचं कण्हणं ऐकू येत होतं, “यव्वा, यव्वा.” मग तो म्हणाला, “मग मी मोबाइलवर फोटू काडून पाठवू का डाक्टरास्नी?”

इथं मला थांबायला हवं. तो बरोबर बोलत होता. पडद्यावरच्या आलेखाचा फोटो काढायचा, पाठवायचा, दोन मिनिटांचं काम. पण मध्यंतरी एका पेशंटचा रिपोर्ट कुणीतरी भलत्याच ग्रुपवर टाकला होता, तेव्हापासून मोबाइलवर काही पाठवायचं नाही असा आमचा नियम होता. तो मीच टाइप केला होता. शिवाय खरं सांगू? नियम हे निमित्त. लाइन माझी होती, मी तोडली होती आणि मलाच ती जोडायची होती. कुणाला कळायच्या आत. बाईंच्या छातीपेक्षा माझी लाइन मला मोठी वाटली.

मी म्हटलं, “फोटो नको. आत्ता आणते लाइन. फोन ठेवू नकोस.”

पुसलेलं कनेक्शन परत आणता येत नाही. नवंच करावं लागतं. ओळ टाइप केली. यादीत नवी ओळ उमटली, पुढे ‘पेंडिंग’. म्हणजे दार बसवणं चालू आहे. मी दर अर्ध्या मिनिटाला यादी मागवतेय. पेंडिंग. पेंडिंग. दहा मिनिटं गेली. मग अव्हेलेबल झालं, पण नव्या कनेक्शनचे पत्ते नवे, चावी नवी. ती इरण्णाच्या राउटरमध्ये घालायची. चावी म्हणजे बत्तीस अक्षरांची अर्थ नसलेली ओळ. मी वाचतेय, तो टाइप करतोय.

“मोठा के. बारका झेड. सात. टिंब.”

“टिंब म्हंजी पूर्णविराम?”

“हो रे, पूर्णविराम!”

“ताई, गोदाक्का उलटी करालत्यात. जरा धरतो त्यास्नी.”

“धर, धर.”

पुन्हा वाचलं. टनेल डाउन. कुठंतरी मोठ्याचा बारका झाला होता. पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्यात मधूनच एकदा तो म्हणाला, “ताई, फोटू?” मी म्हटलं, “आलं रे, आलंच.” शेवटी अप दिसलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात मंद्रूपहून गाडी सोलापुरात पोचली असती.

ईसीजी आला तसे डॉक्टर ओरडले, “हे आत्ता पाठवताय? कधीचा आहे हा?” औषधं सांगितली, गाडी बोलावली. गोदाक्का सोलापूरला आल्या, वाचल्या. चार दिवसांनी डॉक्टर मला जिन्यात भेटले. मी विचारलं. म्हणाले, “वाचल्यात. पण हृदयाचा बराच भाग गेला, बाई. तासभर आधी हातात मिळाल्या असत्या तर...” आणि ते पुढचं न बोलता वर गेले. त्यांना वॉर्डात जायचं होतं.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. आमचे प्रशासक म्हणाले, “मंद्रूपची लाइन अचानक बंद पडली असताना सरवदेबाईंनी पन्नास मिनिटांत नवी उभी केली, हे कौतुकास्पद आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, “मात्र केंद्रावरच्या तंत्रज्ञाने सकाळी उघडल्याबरोबर लाइन तपासली नाही, आणि पेशंटला पुढे पाठवण्यासही विलंब लावला. त्याला तूर्त कामावर येऊ नये असं कळवलं आहे.” सगळ्यांनी माना हलवल्या.

मी तिथं बसले होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. मूग गिळून बसले. टाळ्या घेतल्या आणि घरी आले.

आठ दिवस मी काही बोलले नाही. पन्नास मिनिटांपेक्षा मला या आठ दिवसांची जास्त लाज वाटते. पन्नास मिनिटं मी गडबडले होते, पण आठ दिवस मी पूर्ण शुद्धीत होते. रोज सकाळी यादी मागवायची. चौदा ओळी. त्यात आता ‘मंद्रूप’ असं ठळक नाव, मी स्वतः घातलेलं. कुठंही काही खूण नाही. पुसलेलं कनेक्शन थोडा वेळ ‘डिलीटेड’ म्हणून यादीत दिसतं आणि मग जातं. कुणी काय केलं, किती वाजता केलं, याची नोंद क्लाउडवर वेगळीकडे राहते काही महिने. ती कुठं बघायची हे सबंध दवाखान्यात एकट्या मला माहीत. मी गप्प राहिले असते तर ती नोंदही आपोआप मागे पडली असती.

इरण्णानं फोन केला नाही. मी वाट बघत होते, की तो शिव्या घालेल, निदान “ताई, तुमी तर म्हनला हुता” असं तरी म्हणेल. लाइन मीच काढली, हे त्यानं माझ्या तोंडून ऐकलं होतं. मीटिंगआधी त्याची चौकशी झाली होती, तिच्यात त्यानं ते सांगितलं नव्हतं, हे मला कागद वाचून कळलं. सांगितलं असतं तर मी भांडले असते, सुटले असते. त्याच्या गप्प बसण्यानं मला घास उतरेना.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आठव्या दिवशी जेवताना म्हणाले, “आठवडाभर भाकरी कुस्करतीयेस नुसती. काय झालंय?” मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्या साहेबांना सांगून टाकते. त्यांनी ताट सारलं आणि म्हणाले, “मग उद्या का? खरं बोलायला काय मुहूर्त लागतो? आत्ता फोन लाव साहेबाला.” मी म्हटलं, “फोनवर नको, समोर जाऊन सांगते.” रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी ती नोंद काढली. माझं नाव, तारीख, वेळ, डिलीट. छापली आणि प्रशासकांच्या टेबलावर ठेवली. त्यांना आधी कळेना. समजावून सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला, दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “सरवदेबाई, कशाला उकरून काढताय? तुमची थोडी वर्षं राहिलीत. त्या मुलाचं कंत्राट असंही संपत आलंय.”

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. झाला. तो कागद उचलून पर्समध्ये घालावा, एवढंच करायचं होतं. पण त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं, जणू माझं आणि त्यांचं आधीच ठरलंय, त्या सुराची मला किळस आली. त्यांची नाही, माझी. मी म्हटलं, “साहेब, त्यानं दोनदा विचारलं होतं, फोटो पाठवू का म्हणून. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. हे पण लिहून घ्या.” ते लिहीनात, तेव्हा मीच त्यांच्या समोर बसून लिहिलं, सही केली आणि आवक विभागात शिक्का मारून घेतला.

माझ्या फायलीत शेरा बसला. बसायलाच हवा होता. इरण्णाला परत बोलावलं. दोघांनी बघितल्याशिवाय एकही कनेक्शन पुसायचं नाही असा नियम झाला. आणि मोबाइलवर फोटो पाठवू नये या नियमाखाली एक ओळ जोडली गेली, जिवावरचा प्रसंग असेल तर पाठवावा. तीही मीच टाइप केली. आखूड यादी मी पुसून टाकली. पुढे निवृत्त होईपर्यंत रोज पूर्ण यादी वाचली, तारखांसकट. वेळ लागायचा. लागू दे.

इरण्णा कामावर परतल्यावर एका बाजाराच्या दिवशी मी मंद्रूपला गेले. इरण्णा केंद्राच्या दारात खुर्ची पुसत होता. मला बघून म्हणाला, “या की ताई. च्या सांगू?”

मी म्हटलं, “चहा राहू दे. माझं नाव का नाही सांगितलंस?”

तो खुर्ची पुसतच राहिला. म्हणाला, “काय सांगणार, ताई? फोन माज्या हातात हुता की. तुमी नको म्हनला आन मी आयकलं. पाठवला असता तर कोन मला फाशी देनार हुतं? समोर बाई तडफडालती ती मला दिसत हुती, तुमास्नी दिसत नव्हती.” मग म्हणाला, “मला बी झोप न्हाय लागली.”

मला वाटलं होतं, त्याची माफी मागून मोकळी होईन. तो तर चुकीत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता, मोकळं कोण करणार? मी म्हटलं, “गोदाक्का कुठं असतात?” त्यानं बाजाराच्या तोंडाशी असलेलं लिंबाचं झाड दाखवलं.

गोदाक्का पोत्यावर बसल्या होत्या. समोर बांगड्यांची पेटी. पूर्वी दोरीत ओवलेल्या बांगड्या खांद्यावर टाकून सबंध बाजार हिंडायच्या, घराघरांतून जायच्या, असं इरण्णानं वाटेत सांगितलं होतं. आता मुलगी सकाळी आणून बसवते आणि संध्याकाळी नेते. मला बघून म्हणाल्या, “बसा बाई. कंच्या रंगाच्या दावू?”

मी बसले. म्हटलं, “गोदाक्का, मी सोलापूरच्या दवाखान्यातली. त्या दिवशी तुमचा ईसीजी गेला नाही ना, ती लाइन मी तोडली होती. चुकून तोडली. आणि इरण्णा फोटो पाठवतो म्हणाला, तर मी पाठवू दिला नाही. त्यात तुमचा तास गेला.”

 “इरण्णानं एवडं सांगितलं नव्हतं,” म्हणाल्या. “मुद्दाम केलासा का?”

“नाही हो. मुद्दाम कशी करीन?”

“मग आता काय करायचं?” त्या म्हणाल्या. “माजं हिंडनं गेलं, बाई. बारा गावच्या लेकीबाळी माज्या हातानं बांगड्या भरून सासरी गेल्यात. आता ज्या हितवर येतील तेवड्याच. ते काय तुमी आनून देनार हाय का? न्हाय. मग रडू नका.”

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. त्या रागावल्या नव्हत्या आणि त्यांनी माफही केलं नव्हतं. जे गेलं ते गेलं म्हणून सांगितलं, बस.

मग त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला. मी मूठ आवळली होती. “ढिला सोडा की हात,” म्हणाल्या, “असा आवळून धरलासा तर फुटतीया.” अंगठा आत दाबून, बोटं एकत्र करून त्यांनी एकेक हिरवी बांगडी चढवली. कुठं दुखलं नाही. सहा बांगड्या झाल्या. मी उजवा हात पुढे केला.

त्यांनी तो धरला आणि तशाच थांबल्या. ओठ उघडे, छाती वरखाली होतेय. एका हाताच्या सहा बांगड्यांनी त्यांना दम लागला होता. मी म्हटलं, “राहू द्या, गोदाक्का.” त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. हात सोडला नाही. बाजार चालू होता, कुणी वांगी जोखत होतं. मी उजवा हात त्यांच्या हातात ठेवून बसून राहिले, त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत.